आडनाव आधी

आडनाव आधी, शू बाई म्हणाल्या, मग नाव.
आणि आडनाव एकाच अक्षराचं.
होडेकर काही एका अक्षरात मावेना,
तेव्हा त्यांनी मला ह्वो दिलं.
वर पाऊस, खाली पक्षी.
होडी गेली.
मी मान हलवली, मोबाइलच्या पडद्यात
त्यांना तो होकार वाटला.

मग वर्ष, महिना, दिवस.
मोठ्याकडून लहानाकडे,
जशी लिलावात आधी सुरमई, मग पापलेट,
आणि ढोमी अगदी शेवटी, लोक उठता उठता.
उंची लिहा. तब्येत लिहा, उत्तम.
लग्न: चौकट लहान होती, बरं झालं.
एक रकाना पक्षाचा होता.
परदेशी माणसाला तो नसतो, खोडा.
खोडला. ग्रामपंचायतीच्या वेळी
इतकं सोपं असतं तर.

फोटोला मागे पांढरी भिंत हवी.
आमची निळी, मोहल्ल्यातल्या सगळ्या हिरव्या.
शेवटी शगुफ्तानं कोल्ड स्टोअरच्या दाराशी काढला,
डोक्यावरची जाळी काढून, ओढणी नीट करून.
तोंडातून वाफ आली होती.
तिनं ती ॲपवर पुसली,
थोडा कानही गेला.

अनुभव: सुरिमी, नऊ वर्षं, मिरजोळे.
चकती कापायची तीन मिलिमीटरची,
एकदा दुमडायची, परत दुमडायची,
चीर गेली नाही तर डबल ए.
एवढं लिहिताना डिक्शनरी लागली नाही.
मशीन बसवायला आलेल्या माणसानं
मला पहिला शब्द शिकवला तो दुमड,
दुसरा, परत.

इथे चौदा महिने रिकामे दिसतात, शू बाई म्हणाल्या.
रिकामे कुठले, बाई.
त्या वर्षी बावाचा उजवा हात गेला
आणि मी शनिवारच्या बाजारात सोडे विकत होते,
माप भरून वर चिमूटभर जास्त,
नाहीतर गिऱ्हाईक तोंड फिरवतं.
त्यांनी लिहिलं: स्वतंत्र व्यवसाय.
सोड्यांना त्यांच्यात म्हणे कोळंबीतांदूळ म्हणतात.
तो शब्द दिवसभर मी तोंडात धरला,
भूक लागेपर्यंत.

शेवटी स्वतःविषयी चार ओळी.
सगळे लिहितात, तुम्हीही लिहा:
कडू खाऊ शकते.
म्हणजे कष्टाळू.
मी म्हटलं, आमच्यात खस्ता खातात,
टक्केटोणपे खातात, बोलणी खातात,
चव कुणी लिहून ठेवली नाही.
शू बाई पहिल्यांदा हसल्या.
मग म्हणाल्या, हे मात्र लिहू नका.

रात्री बावा शेजारी येऊन बसला.
"इतक्या लांब जाऊन परत मासलीच बघनार?"
परत मासलीच.
समुद्राला तिकडे हाय म्हणतात, मी सांगितलं,
सूर आधी खाली न्यायचा, मग वर आणायचा.
त्यानं करून पाहिलं, वाकड्या तोंडानं.
खाली गेला. वर यायला वेळ लागला.
"हाय तर हाय," म्हणाला. "तो कुठं जानार?"

जन्मगावाचा रकाना मी मागे ठेवला होता.
साखरतर. आवाज लिहायचा की अर्थ?
अर्थ लिहिला. साखर, पुढे तर,
पाण्यापलीकडे उतरवणारी.
वर साखर आणि खाली कडू खाते,
एकाच कागदावर चालेल का,
विचारायचं राहूनच गेलं.

बावानं डाव्या हातानं मोबाइल ओढला.
"यात होडी कुठं हाय?"
होडी नाही. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत फक्त.
त्यानं ते बोटानं मोजले,
तिसऱ्यावर बोट ठेवलं तशी फाईल मिटली.
"मग पल्याडला गेली आसंल,"
म्हणाला, आणि चष्मा काढून उशाशी ठेवला.